आवाजाची तक्रार नसलेलं गॅरेज

आमच्या गिरणीच्या स्टोअरला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी आहे. गफूरभाई टॅक्सीवाला त्या रस्त्याने गेला की हॉर्न वाजवून जायचा, काम काही नसलं तरी. त्या दुपारी त्याची टॅक्सी खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजला नाही. मी बेअरिंगची खोकी मोजत होतो, ती तशीच सोडून वर पाहिलं. गफूरभाई फाटकातून आत आला, काउंटरपाशी थांबला नाही, वळसा घालून थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तोंडासमोर तोंड. आणि सावकाश, एकेक शब्द ओठांनी नीट घडवत म्हणाला, "साब... उस्ताद गये." माझे कान चांगले आहेत, मला अशा रीतीने सांगायची काही गरज नव्हती. पण तो ज्या रीतीने समोर उभा राहिला, त्यावरूनच मला शब्दांच्या आधी कळलं होतं. ती उभं राहण्याची रीत शुक्रवार पेठेतल्या एका आवारातली होती, आणि ती का पडली, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. शांताला विचारून लिहितो आहे. "आता लिहा," असं ती म्हणाली.

उस्ताद म्हणजे सिद्राम, माझा साडू. माझ्या बायकोची धाकटी बहीण शांता ही त्याची बायको. त्याचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे. घरी कोरडवाहू शेती, चुलीपाशी कानडी आणि अंगणात मराठी. वयात येताच तो सोलापूरला आला आणि आमच्याच गिरणीत मागांच्या खात्यात लागला. ज्यांनी ते खातं चालू असताना पाहिलेलं नाही, त्यांना नुसतं सांगून कळणार नाही. शेजारच्या माणसाने कानाशी येऊन ओरडलं तरी कानात शिरत नाही, इतका तिथे खडखडाट असतो. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि पलीकडचा ते वाचतो. शांताला बघायला तो आला, तेव्हा घरचा मोठा जावई म्हणून मी हजर होतो. तो बाहेर ओसरीवर बसला होता. आत आमचे सासरे सासूबाईंच्या कानाशी लागून पुटपुटले, "मुलगा कामाचा दिसतो, पण रंगानं..." दार उघडं होतं. ओसरीवरून सिद्राम शांतपणे म्हणाला, "कामाचं खरं हाय, मामा. रंगाचं तुमी बगा." सासरे दचकले. मुलाला काही सिद्धी आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं. पण हसायला सगळ्यांत आधी आतून शांताच हसली, आणि मग बोलायचं फारसं काही उरलं नाही.

गिरणीच्या मालमोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या मागे मागे फिरून तो इंजिनाचं काम शिकला आणि काही वर्षांनी नोकरी सोडून शुक्रवार पेठेत एका आवारात त्याने गॅरेज घातलं. पुढे पत्र्याची शेड, मागे राहायची एक मोठी खोली. मी त्याला नोकरी सोडू नको म्हणून परोपरीने सांगितलं. पगार, भविष्यनिर्वाह निधी, सगळं मांडून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मागाला एकच गाणं येतं, साडूभाऊ. इंजिनाचं तसं न्हाय." स्वभाव मुळात बढाईखोर. गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "सोलापुरात इंजिनाचं पोट कळणारी दोनच माणसं. दुसरा कोण, ते मला अजून गावलं न्हाय." गिऱ्हाईकही तयारीचं असे. एकदा एका टॅक्सीच्या बंद पडण्यामागे तो कित्येक दिवस कार्बोरेटरच खोलून बसवत राहिला, आणि शेवटी दोष निघाला प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला गेलेल्या केसाएवढ्या तड्यात. टॅक्सीवाल्याने विचारलं, "काय वस्ताद, दुसरा माणूस शोधू का आता?" सिद्राम हात पुसत म्हणाला, "कार्बोरेटर तर साफ झाला की. उपकार मान."

त्याची काम करायची पद्धत ठरलेली होती. गाडी आली की बॉनेट उघडायचं, चारही प्लग काढायचे आणि धुतलेल्या पोत्यावर ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडायचे. त्यांना तो कानडीत मोजायचा... ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. एक, दोन, तीन, चार. "इंजिनाला मराठी समजत न्हाय," असं त्याचं म्हणणं. मग उकिडवा बसून प्लगांची तोंडं बघायचा. टोक फिकट विटकरी असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललं आहे. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त येतं आहे, पांढरं फटफटीत असेल तर आत उष्णता वाढली आहे, आणि काळं तेलकट ओलं असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. पेट्रोल महागलं त्या दिवसांत काही टॅक्सीवाले त्यात रॉकेल मिसळत. तसा प्लग निघाला की हा विचारायचा, "गाडी हाय का स्टोव्ह? ह्याच्यावर च्या ठिवू का?" प्लगमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं काम मात्र माझं. माझ्या खिशात पट्ट्यांचा गेज असायचा आणि सिद्राम ते माझ्यावर सोपवून मोकळा व्हायचा. "साडूभाऊ, आकडा बोला." मी बोलायचो, "पंचवीस पायजे, अठ्ठावीस आहे." तो हलकेच ठोकून पुन्हा पुढे करायचा. माझ्याइतकी आकड्यांची किंमत त्यालाही होती. त्या आवारात आमचं दोघांचं चांगलं जमलं ते यामुळेच.

त्याच्या कानांची गोष्ट मला कळली ती एका संध्याकाळी गल्लीत. आम्ही दोघं चाललो होतो आणि मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. मी बाजूला झालो. सिद्राम मधोमध तसाच चालत राहिला. सायकल त्याच्या पोटरीवर आदळली आणि तो वळून भांडायला लागला, "घंटी मारायला हात मोडला व्हय?" सायकलवाला रडकुंडीला आला. त्याची घंटी अख्ख्या गल्लीने ऐकली होती. मी त्याला जायला सांगितलं आणि घरी आल्यावर शांताकडे पाहिलं. ती भाकरी थापता थापता, सिद्रामकडे पाठ करून म्हणाली, "दाजी, घंटी त्यांना येत नाही. घड्याळाचा गजर येत नाही. चिमण्या तर केव्हाच्या गेल्या. गिरणीचा भोंगा तेवढा येतो." बारीक, उंच आवाज मागांनी खाऊन टाकले होते. जाड आवाज उरले होते, आणि माणसाचं बोलणं तो ओठांवरून ओढून काढत होता. शांताची पाठ बघून आपल्याबद्दल बोलणं चाललं आहे हे त्याने ओळखलं. एरवी मोठमोठ्याने बोलणारा हा माणूस उंबऱ्यावर बसून हळू आवाजात म्हणाला, "कुणाला बोलू नका, साडूभाऊ. बहिऱ्याच्या हाती इंजिन कोण दील? दोन पोरी हायत मला..." त्याचा मोठा आवाज ही बढाई नव्हती, स्वतःला ऐकू यावं म्हणून तो तसा बोलायचा, हे मला तेव्हा उमगलं.

तेव्हापासून पाळी संपली की मी घरी जाण्याआधी आवारात जाऊन बॉनेटच्या पलीकडे, त्याच्यासमोर उभा राहू लागलो. गिऱ्हाईक मागून काही बोललं की मी ते सिद्रामकडे तोंड करून पुन्हा म्हणायचो, जसं काही मलाच नीट कळलं नाही. "म्हणजे चढावर ओढत नाही म्हणता?" सिद्राम माझे ओठ बघायचा आणि उत्तर गिऱ्हाइकाला द्यायचा. आमचं हे इतकं बेमालूम बसलं होतं की कुणाला काही कळणं शक्य नाही, अशी माझी खात्री होती.

बारीक आवाजांचं काय करायचं, याचा शोध त्याने स्वतःच लावला. मागावर आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकायला एक लाकडी दांडा असतो. चिवट लाकडाचा, साधारण हाताएवढा. झिजलेले दांडे आमच्या स्टोअरमध्ये परत येतात. त्यातला एक त्याने मागितला. मी तो भंगारात रीतसर नोंदवला आणि मगच दिला, त्यावरून तो मला पुढे कैक महिने चिडवत होता. दांड्याचं एक टोक तो चालू इंजिनावर टेकवायचा आणि दुसरं दातांत धरायचा. डोळे मिटायचे. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता येई, ती मी देवळात बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरही क्वचित पाहिली आहे. "ऐकू येत न्हाय, पर कळतंय," तो म्हणायचा. टॅपेट सैल आहे, टायमिंगची साखळी लोंबते आहे, हे त्याला कवटीत कळायचं. गिऱ्हाइकांना ती वस्तादाची लकब वाटायची. पण दांडा लावावा हे आधी सुचायला हवं ना. मुळात आवाज येतोय हेच कळलं नाही, तर दांडा तरी कुठे लावणार?

माझ्यासारख्या स्टोअरकीपरच्या दारात गाडी आली तीही त्याच्यामुळे. गाव सोडून गेलेल्या एका डॉक्टरांची जुनी छोटी विलायती गाडी त्यांच्या आवारात उभी राहून सडत होती. सिद्रामने ती सुटी सुटी करून पुन्हा उभी केली आणि माझ्या नावावर करायला लावली. आम्ही दोन्ही कुटुंबं तीत दाटीवाटीने बसून एकदा जेऊरला हुरड्याला गेलो होतो. मी चालवत होतो, तो शेजारी, आणि त्याचा हात सारा वेळ गिअरच्या दांडीवर. गाणं ऐकावं तसा तो हातानं गाडी ऐकत होता. मागे बहिणी-बहिणी आणि पोरी गलका करत होत्या. मधेच तो म्हणाला, "साडूभाऊ, गिअर बदला, तिला दम लागलाय." कुर्डुवाडीच्या पुढे रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मागून धाकटी पोरगी काही तरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तो मागे वळला आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिला, पण वाक्य निसटून गेलं होतं. तोही हसला. सगळ्यांच्या नंतर, थोडा जास्तच. तेवढाच एक क्षण त्या सहलीतला माझ्या मनात रुतून बसला आहे...

आता गफूरभाईची गोष्ट. त्याच्या टॅक्सीचं इंजिन सिद्रामने सगळं जुळवून दिलं होतं. प्लग, पॉइंट, टायमिंग, सगळं. मी समोर होतो. आवारात आणखी तीन-चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. सिद्रामने गाडी चालू करायला लावली, पंजा मडगार्डवर ठेवला, आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच इंजिन छान घुमत होतं. पण त्या घुमण्याच्या वर, पंख्यामागच्या पाण्याच्या पंपातून, एक तीक्ष्ण शीळ निघत होती. कोरड्या बेअरिंगची. ती आवारात प्रत्येकाला ऐकू येत होती, पलीकडच्या किराणा दुकानातला माणूसही मान काढून बघू लागला होता. ड्रायव्हरांनी कप खाली ठेवले. सिद्राम दोन्ही हात पसरून, सगळ्यांकडे बघत म्हणाला, "बगा. हाय का कुटं काही? लोण्यावानी चाललीया."

मी ओठ हलवून त्याला पंप म्हणून सांगू शकलो असतो, पण सगळे आमच्याकडेच बघत होते. मग गफूरभाई गाडीतून उतरला, सिद्रामच्या समोर आला, तोंडासमोर तोंड, आणि म्हणाला, "हौ उस्ताद. एकदम मख्खन." चहा पिणाऱ्यांपैकी एकाने मान डोलावली. गफूरभाईने गाडी बाहेर काढली आणि ती शीळ गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत गेली. सिद्राम सुखाने हात धूत होता.

दुसऱ्या दिवशी मी आवारात पोचलो तर गफूरभाई पुन्हा हजर. बॉनेट उघडून त्याने सिद्रामचा हात धरला आणि पंख्याच्या पात्यावर ठेवला. "उस्ताद, ये देखो तो. पंखा हिलताय." सिद्रामने पातं धरून मागेपुढे केलं, त्याच्या कपाळाला आठी पडली. "आरं, बेअरिंग गेलं की ह्याचं. काल कसं न्हाय दिसलं मला?" गफूरभाई म्हणाला, "काल नै था, उस्ताद. आज हुआ." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी गफूरभाईने मला घरी सोडलं, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, कधीपासून माहीत आहे. तो हसला. "साब, स्टँड पे सबकू मालूम है. तुम आके सामने खडे रहते, उसके भी पहले से." मी विचारलं, मग दुसरीकडे का जात नाही? तो म्हणाला, "दूसरे मिस्त्री कू सब सुनाई देता साब. दुरुस्त कुछ नै होता." मग रस्त्याकडे बघत, "उस्ताद कू मत बोलना."

मी हिशेबी माणूस आहे. त्या रात्री घरी बसून मी आठवून पाहिलं. त्या आवारात मी ऐकलेल्या तक्रारी एकामागून एक काढल्या. आरशात सगळं दुहेरी दिसतं. पायांना मुंग्या येतात. गिअरची दांडी नाचते. सायलेन्सरचा धूर निळा आहे. डबक्यात गाडी उभी केली की पाण्यावर लाटा उठतात... गाडी घेऊन येणारा माणूस जगात कुठेही आधी काय म्हणेल? आवाज येतोय म्हणेल. त्या आवारात इतक्या वर्षांत एकानेही तो शब्द काढलेला मला आठवेना. कुणी कुणाला तसं उघड सांगताना मी कधी ऐकलं नव्हतं. नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला फाटकातच गाठून काही तरी सांगत, एवढं मी पाहिलं होतं, आणि मला वाटायचं, ते दुरुस्तीच्या खर्चाबद्दल बोलत असतील. ऐकू येणाऱ्या दोषाचं दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या दोषात रूपांतर करून मगच ती माणसं सिद्रामसमोर ठेवत होती. सिद्रामसमोर उभं राहण्याचा मला जो अभिमान होता, तो त्या रात्री बराच खाली आला आणि त्याच्या जागी काही तरी जास्त बरं आलं.

मोठ्या पोरीचं लग्न झालं, धाकटीचं ठरलं. दरम्यान मागांनी त्याचे कान घेतले तशी गिरणीच्या कापसाने छातीही घेतली होती, ते वर यायला उशीर लागला एवढंच. आधी जिना चढताना, मग बसल्या बसल्या धाप. शेवटचे काही आठवडे तो मागच्या खोलीत खाटेवर असायचा, दार आवाराच्या बाजूला उघडं. मी शेवटचा भेटलो तेव्हा माझी गाडी निळा धूर सोडत होती. तो म्हणाला, "प्लग आना." मी बाहेर जाऊन चारही काढले, क्रमाने पोत्यावर मांडले आणि पोतं तसंच उचलून खाटेवर त्याच्या मांडीवर ठेवलं. तो एकेक उचलून उजेडात धरत होता. "ओंदू... बरा हाय. एरडू बरा..." तिसऱ्यापाशी थांबला. काळा, तेलकट, ओला. "मूरू. रिंगा गेल्या साडूभाऊ. चढावर ताणू नका, मी उठलो की खोलू." दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्याने प्लग खाली ठेवला आणि पोत्यावरून बोट फिरवत बसला. म्हणाला, "साडूभाऊ, येक सांगा. माझ्याकडं येणाऱ्या गाड्या काय मुक्या असत्यात व्हय?" मी पोत्यावरचे प्लग सारखे करू लागलो. "इतकी वर्सं झाली. येकानं म्हणून आवाजाची तक्रार केली न्हाय." तो हसायला गेला आणि खोकला. शांता पाणी घेऊन आली. घोट घेऊन झाल्यावर त्याने माझ्या ओठांकडे न बघता, दाराबाहेर शेडमध्ये बसलेल्या माणसांकडे बघत म्हटलं, "लई चांगली माणसं. त्यांस्नी बोलू नका... मला ठावं हाय म्हणून."

तेरावा झाल्यावर शांताने तो दांडा मला दिला. "दाजी, तुमच्या स्टोअरचा आहे," म्हणाली. टोकाला त्याच्या दातांच्या खुणा खोल उमटल्या आहेत. लाकूड तिथे काळं आणि गुळगुळीत झालं आहे. गाडी मी अजून कुणाला दाखवलेली नाही. मागच्या रविवारी ती त्याच्या आवारात नेली, शेडमध्ये उभी केली, बॉनेट उघडलं. गफूरभाई आला होता. तो हल्लीही येतो, बाकड्यावर बसतो, चहा पितो. मी इंजिन चालू केलं, दांड्याचं टोक त्यावर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. माझे दात त्या खुणांत बसत नाहीत. त्याचा जबडा रुंद होता. सगळं डोकं आतून थरथरलं, आणि त्या थरथरीत बऱ्याच वेळाने मला एक ठेका सापडला, एक, दोन, मग एक पोकळ जागा, मग चार... की मला ती जागा माहीत होती म्हणून सापडली, सांगता येत नाही.

गफूरभाई उठून माझ्यासमोर आला. तोंडासमोर तोंड. वाकून माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "कुछ आवाज आता क्या, साब?"

'आवाज' हा शब्द त्याच्या तोंडातून निसटला होता. मी दांडा दातांतून काढला. इंजिन चालूच होतं. आम्ही दोघांनी एकदमच मान वळवून मागच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं.